डिग्री सोबत जाते, परवाना इथेच राहतो: गोंदियाच्या दंतवैद्य मुला-मुलींनी परदेशाची वाट धरण्याआधी

गोंदिया जिल्ह्यात दंत महाविद्यालय नाही. २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण दातांचा डॉक्टर व्हायचं असेल तर घर सोडावंच लागतं. नीटमध्ये मार्क चांगले आले तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. नाहीतर हिंगणा रोडची खाजगी कॉलेजं, वर्ध्याजवळचं सावंगी मेघे, किंवा उलट दिशेची गाडी पकडून राजनांदगाव, भिलाई. म्हणजे आपल्याकडच्या दंतवैद्याचं स्थलांतर अठराव्या वर्षीच सुरू होतं. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग तो किंवा ती घरी आली की दुसऱ्या प्रवासाची चर्चा निघते. मामू जेद्दाला आहेत, खालाचा मुलगा शारजात आहे, आणि प्रत्येक जण फोनवर एकच गोष्ट सांगतो: इकडे दाताच्या डॉक्टरला फार पैसा आहे.

पैसा आहे, हे खोटं नाही. पण त्या पैशापर्यंत पोहोचायला किती वर्षं लागतात, किती खर्च येतो आणि मधे कुठे अडकायला होतं, हे फोनवर कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा सांगणाऱ्यालाही ते माहीत नसतं, कारण तो स्वतः ड्रायव्हर, अकाउंटंट किंवा इंजिनियर म्हणून गेलेला असतो. त्यांच्या कामाला व्हिसा आणि मालक पुरतो. दंतवैद्याला त्याच्या आधी त्या देशाचा परवाना लागतो, आणि सगळी गाडी तिथेच अडते.

आधी एक जुनी गोष्ट

आपल्या समाजातल्या मुलांना एक नाव माहीत असायला हवं: डॉ. रफीउद्दीन अहमद. जन्म पूर्व बंगालातला. अलीगढला शिकून ते अमेरिकेला गेले, कारण त्या काळी हिंदुस्थानात दंतवैद्यक शिकवणारं एकही कॉलेज नव्हतं. १९१५ साली आयोवा विद्यापीठातून पदवी घेतली, बोस्टनच्या फोर्सिथ इन्फर्मरीत काम केलं आणि १९१९ मध्ये परत आले. दुसऱ्याच वर्षी, १९२० साली, कलकत्त्यात त्यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय उभं केलं. त्याचा खर्च भागवायला त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं आइस्क्रीमचं दुकान चालवलं! फातिमा जिना याच कॉलेजात शिकल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना थाटला. पुढे १९४९ मध्ये डॉ. अहमद यांनी कॉलेज सरकारच्या हवाली केलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आजही देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की तेव्हाचं आणि आताचं जाणं वेगळं आहे. ते शिकायला गेले, कारण इथे शिकण्याची सोय नव्हती. आज देशात ३०० हून जास्त दंत महाविद्यालयं आहेत आणि दरवर्षी २५ हजारांहून जास्त मुलं-मुली बीडीएसला प्रवेश घेतात. शिकण्याची सोय आहे, पण शिकल्यावर काय, याचं उत्तर नाही. नागपूरसारख्या शहरात एकेका चौकात तीन-तीन पाट्या. नवीन मुलाला कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये बसावं लागतं, आणि सुरुवातीला जे मिळतं त्यात खोलीचं भाडं, डबा आणि पेट्रोल भागलं तरी पुष्कळ. स्वतःचं क्लिनिक टाकायचं तर खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह असा सगळा खर्च आधी. शासकीय नोकरीची पदं मोजकी. एमडीएस करायचं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा फी, आणखी तीन वर्षं.

म्हणून मुलं बाहेर बघतात. यात चूक काही नाही.

परवाना म्हणजे नेमकं काय

बीडीएस झालं की आपल्या राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र राज्य दंत परिषद. राजनांदगाव-भिलाईला शिकलेल्यांची पहिली नोंदणी बहुधा छत्तीसगडची असते. या नोंदणीवर भारतात प्रॅक्टिस करता येते. सीमा ओलांडली की तिचा उपयोग एवढाच, की ‘हा माणूस स्वतःच्या देशात रीतसर डॉक्टर आहे’ हे सिद्ध होतं. पुढे त्या देशाची परीक्षा, त्या देशाची कागदपत्र तपासणी, त्या देशाचा परवाना. जगात असा एकही मोठा देश नाही जिथे भारतीय बीडीएस दाखवून दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या तोंडात हात घालता येतो.

दंतवैद्यकात ही अट जास्त कडक असण्याला कारण आहे. हे हातकाम आहे. पुस्तकी परीक्षा पास झालेला माणूस दाढ किती नीट कोरतो, हे कागदावर कळत नाही. त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा हे देश लेखी परीक्षेनंतर उमेदवाराला प्रत्यक्ष काम करायला लावतात. आपल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी ज्या ‘फँटम हेड’वर, म्हणजे बाहुल्याच्या डोक्यावर, मुलं सराव करतात, तसल्याच डोक्यावर तिथे परीक्षा होते. फक्त कॉलेजात एक दात बिघडला तर सर ओरडतात, तिथे बिघडला तर काही लाख रुपये जातात.

आखाती देश: सर्वात जवळचा रस्ता, पण पूर्वीसारखा मोकळा नाही

आपल्या घरांतून सर्वात जास्त विचार होतो तो दुबई, सौदी, कतार, ओमानचा. नातेवाईक आहेत, अंतर कमी आहे, जेवणाखाण्याची आणि नमाजाची सोय आहे, आणि आणखी दोन वर्षं शिकावं लागत नाही. हे सगळं खरं आहे.

संयुक्त अरब अमिरातीत परवाना देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. दुबईसाठी दुबई हेल्थ अथॉरिटी, अबुधाबीसाठी तिथला आरोग्य विभाग, आणि शारजा-अजमानसारख्या बाकी अमिरातींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय. सौदीत सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीज ही संस्था आहे आणि तिची स्वतःची दंतवैद्यक परवाना परीक्षा आहे. नावं वेगळी असली तरी रस्ता साधारण सारखा: आधी कागदांची मूळ ठिकाणी तपासणी, मग संगणकावरची परीक्षा, मग पात्रता, मग नोकरी, आणि शेवटी परवाना.

यातल्या दोन गोष्टी घरच्यांनी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, परीक्षा बहुविध पर्यायांची असते, ती बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिकसारख्या कंपन्यांच्या केंद्रांवर होते आणि अशी केंद्रं भारतातही आहेत. म्हणजे ‘आधी व्हिजिट व्हिसावर ये, इथे आल्यावर परीक्षा बघू’ या सल्ल्यात अर्थ नाही. परीक्षा घरी बसून पास करता येते, आणि तीच आधी करावी. व्हिजिट व्हिसावर गेलेला मुलगा तिथे खोलीभाडं भरत अभ्यास करतो, व्हिसा संपत आला की घाबरतो आणि मिळेल ते काम धरतो. असे बीडीएस झालेले ‘डेंटल असिस्टंट’ आखातात आहेत. डॉक्टरच्या बाजूला उभं राहून सक्शन धरतात. काम हलकं नाही, कोणतंच काम हलकं नसतं, पण पाच वर्षं शिकून त्यासाठी जायचं नव्हतं. आणि त्या काळात दंतवैद्य म्हणून अनुभव जमा होत नाही, हा खरा तोटा.

दुसरी, परीक्षा पास झाल्यावर हातात येतं ते पात्रतेचं पत्र. त्याला मुदत असते. प्रॅक्टिसचा परवाना त्या पत्राने मिळत नाही. एखाद्या क्लिनिकने नोकरी दिली की त्या क्लिनिकच्या नावाशी जोडून परवाना सुरू होतो. मुदतीत नोकरी मिळाली नाही तर पुन्हा धावपळ. म्हणून पात्रता आली की लगेच मिठाई वाटणाऱ्या अब्बांनी थोडं थांबायला हरकत नाही.

सौदीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मामूंच्या वेळचा सौदी आता राहिला नाही. त्या देशाने स्वतःची दंत महाविद्यालयं वाढवली, तिथून स्थानिक मुलं-मुली डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि त्यांना नोकऱ्या हव्या होत्या. २०२० मध्ये खाजगी दंत दवाखान्यांत २५ टक्के जागा सौदी नागरिकांना देण्याचा नियम आला, पुढच्या टप्प्यात तो ३० टक्के झाला, आणि त्यानंतर आकडा वरच सरकत गेला आहे. साध्या बीडीएसची जागा सगळ्यात आधी जाते. ऑर्थो, एंडो, इम्प्लांट असं एमडीएस असलेल्यांना अजून मागणी आहे. म्हणून सौदीच डोक्यात असेल तर एमडीएस करून जावं की नाही, हा हिशेब आधी मांडा.

कागद: इथेच सर्वात जास्त मुलं अडकतात

आखाती देश कागद स्वतः तपासत नाहीत. बहुतेक ठिकाणी ते काम डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडे असतं. ही कंपनी तुमची झेरॉक्स बघून समाधान मानत नाही. ती विद्यापीठाला विचारते, दंत परिषदेला विचारते आणि जिथे काम केलं त्या क्लिनिकलाही विचारते: या व्यक्तीने तुमच्याकडे या तारखेपासून या तारखेपर्यंत काम केलं का?

आता आपल्याकडची स्थिती बघा. अमिरातीसारख्या ठिकाणी इंटर्नशिपनंतरचा साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. गोंदिया, तिरोडा, आमगाव, कुठल्याही छोट्या क्लिनिकमध्ये मुलीने खरोखर दोन वर्षं काम केलेलं असतं. पण पगार हातात रोख, नेमणुकीचं पत्र नाही, हजेरी नाही, क्लिनिकचा ईमेल डॉक्टरसाहेबांच्या मुलाने कधीतरी बनवलेला, जो कुणी उघडत नाही. तपासणीचा ईमेल येतो आणि पडून राहतो. अनुभव खरा असूनही सिद्ध होत नाही. उलट काही जण पैसे देऊन खोटं अनुभवपत्र घेतात. ते पकडलं गेलं तर नकारात्मक अहवाल जातो, आणि तो डाग पुढे दुसऱ्या आखाती देशात अर्ज केला तरी आडवा येतो. एका खोट्या कागदाने पाच वर्षांच्या खऱ्या डिग्रीवर पाणी पडतं.

म्हणून इंटर्नशिप संपली त्या दिवसापासून हिशेब ठेवा. नोंदणी लगेच करा, कारण नोंदणीआधीचं काम अनुभवात धरलं जाईल अशी आशा ठेवू नका. नेमणुकीचं पत्र लेटरहेडवर घ्या, त्यावर तारीख असू द्या. पगार थोडा का असेना, बँकेत घ्या. डॉक्टरसाहेबांना आधीच सांगून ठेवा की असा ईमेल येईल, उत्तर द्या.

आणि नावाचं प्रकरण. हे आपल्या घरांत विशेष आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वडिलांचं नाव गायब. पासपोर्टवर ‘मोहम्मद’चं स्पेलिंग एक, डिग्रीवर दुसरं, आणि एखाद्या कागदावर नुसतं ‘मो.’. शेख, सय्यद, पठाण कुठे पुढे, कुठे मागे. मुलींचं लग्नानंतर पुन्हा बदललेलं. आपल्याला माहीत असतं की माणूस एकच आहे. परदेशात कागद वाचणाऱ्याला दोन वेगळी माणसं दिसतात. बीडीएसला प्रवेश घेतानाच दहावीचं मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट एका नावावर आणा. फरक राहिलाच असेल तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद, हा रीतसर उपाय आहे. वेळ लागतो, म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

डिग्रीच्या प्रमाणीकरणातही फरक आहे. भारत आणि सौदी दोघेही हेग कराराचे सदस्य असल्याने सौदीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. अमिरात त्या करारात नाही, तिथे दूतावासाचा शिक्का लागतो. एजंट दोन्हींचे पैसे एकदम सांगतो, तेव्हा आपल्याला कोणतं लागतं ते विचारा.

लग्न ठरतंय? मग हा भाग आधी वाचा

बीडीएसमध्ये मुलींची संख्या मोठी आहे, आपल्या समाजातही. पाच वर्षं हॉस्टेलवर राहून शिकलेली मुलगी घरी येते आणि रिश्ते येऊ लागतात. मुलगा दुबईत, रियाधमध्ये किंवा लंडनमध्ये. घरच्यांना वाटतं, छानच झालं, ती तिकडे प्रॅक्टिस करेल. निकाह होतो, व्हिसा येतो, ती जाते. आणि तिथे गेल्यावर कळतं की दोन वर्षांचा अनुभव नाही, कारण इंटर्नशिप संपताच लग्न झालं. आता अनुभव घ्यायचा तर भारतात परत यावं लागेल. परवाना नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून परवाना नाही.

मग मूल होतं. दोन-तीन वर्षं जातात. प्रॅक्टिसमध्ये खंड पडला की परवाना देणाऱ्या संस्था आणखी कागद आणि प्रशिक्षण मागतात. डिग्री कपाटात कपड्यांखाली जाते. हे कुणाच्या वाईट इच्छेने होत नाही. मुलाकडचे चांगले असतात, मुलगा म्हणतो ‘जरूर कर’. पण व्हिसा नवऱ्याचा असला तरी परवाना तिचा तिलाच काढावा लागतो, हे दोन्ही घरांना माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर रिश्ता पक्का करताना मेहरइतक्याच मोकळेपणाने ही गोष्ट बोलायला हवी: मुलीची नोंदणी झाली आहे का, अनुभवाचे किती महिने झाले, त्या देशाची परीक्षा ती इथूनच देणार का, आणि रुखसतीसाठी तेवढं थांबता येईल का. अठरा महिने थांबल्याने पुढची पंधरा वर्षं वाचतात. लंडनचा मुलगा असेल तर हिशेब आणखी लांब आहे, तो पुढे.

ब्रिटन आणि त्यापलीकडे

ब्रिटनमध्ये दंतवैद्यांची टंचाई आहे. सरकारी आरोग्य सेवेचा दंतवैद्य मिळत नाही म्हणून लोक महिनोन्महिने थांबतात, आणि तिथे नोंदणी असलेल्या दर चार दंतवैद्यांमागे एकाहून जास्त जण परदेशात शिकलेले आहेत. तरी दार अरुंद आहे. भारतीय पदवीधराला तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलची ‘ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झाम’, म्हणजे ओआरई, द्यावी लागते. (दुसरा पर्याय रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या एलडीएस परीक्षेचा.) ओआरईचे दोन भाग आहेत. पहिला लेखी. दुसरा लंडनमध्ये प्रत्यक्ष: फँटम हेडवर काम, रुग्णाशी बोलून तपासणी, उपचारांचं नियोजन, आणि खुर्चीत रुग्ण बेशुद्ध पडला तर काय कराल याची चाचणी. त्याआधी इंग्रजीचा पुरावा, आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. शिवाय १६०० तास रुग्णांवर काम केल्याचा दाखला.

दुसऱ्या भागाची एकट्याची फी ४ हजार पौंडांच्या वर आहे, म्हणजे आपले चार लाखांहून जास्त, विमान आणि राहणं वेगळं. त्याहून मोठी अडचण म्हणजे जागा. हजारो उमेदवार रांगेत, जागा थोड्या, आणि बुकिंग उघडलं की मिनिटांत संपतं. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि पहिला भाग पहिल्यांदा दिल्यापासून पाच वर्षांत दुसरा पूर्ण करायचा. हे सगळं झाल्यावरही सरकारी सेवेत काम करायचं तर आणखी एक देखरेखीचा काळ. पदवीपासून पहिल्या पगारापर्यंत तीन ते पाच वर्षं धरून चाला.

ऑस्ट्रेलियात कागद तपासणी, लेखी आणि मग मेलबर्नला प्रात्यक्षिक, असे तीन टप्पे. तिथे पुन्हा कॉलेजात बसावं लागत नाही, म्हणून अलीकडे मुलांचा ओढा तिकडे वाढलेला दिसतो. कॅनडात मूलभूत ज्ञानाची परीक्षा, मग निर्णयक्षमतेची, मग ओटावामध्ये हातकामाची, किंवा दोन वर्षांचा पदवीपूर्तीचा अभ्यासक्रम. जर्मनीत जर्मन भाषा आधी, तीही वैद्यकीय संवादाच्या पातळीवर.

अमेरिकेत मात्र बहुतेकांना पुन्हा कॉलेजात जावं लागतं. राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा पास करून दोन-तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम, आणि फी एक लाख डॉलरच्या पुढे, अनेक ठिकाणी दोन लाखांच्याही. तिथे कमाई सर्वात जास्त, आणि कर्जही सर्वात जास्त. घरात आधीच कुणी अमेरिकेत असेल, राहण्याचा खर्च वाचत असेल, तरच याकडे बघावं असं मला वाटतं.

फक्त डॉक्टरच जातात असं नाही, हेही जाता जाता सांगतो. बारावीनंतर डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्टचे दोन वर्षांचे मान्यताप्राप्त डिप्लोमा आहेत. कवळ्या, कॅप आणि ब्रिज बनवणाऱ्या कुशल हाताला आखाती लॅबमध्ये काम असतं. ज्या घराला खाजगी बीडीएसची फी झेपत नाही, त्यांनी याकडे कमी दर्जाचं म्हणून बघू नये.

पैसा, कर्ज आणि एजंट

परदेशात शिकणाऱ्या अल्पसंख्याक मुलांच्या शैक्षणिक कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. अजूनही काही जण तिच्या नावाने फॉर्म भरून देतो म्हणून पैसे घेतात, सावध राहा. महाराष्ट्रात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. अटी आणि मर्यादा बदलत असतात, त्या महामंडळाच्या कार्यालयात जाऊनच विचाराव्यात. व्याजाच्या कर्जाबद्दल अनेक घरांत संकोच असतो. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, इथे त्यावर मत देत नाही. पण संकोचापोटी धानाची दोन एकर बांधी विकून मुलाला व्हिजिट व्हिसावर पाठवणं, आणि परीक्षेचा पत्ताच नसणं, हा व्यवहार कुठल्याच हिशेबात बसत नाही. आधी परीक्षा, मग नोकरीचं पत्र, मग जमिनीचा विचार.

परदेशी नोकरीला भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो. त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येतं. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. कुणी ‘लायसन्ससकट पॅकेज’ म्हणून चार-पाच लाख मागत असेल तर समजून जा. परीक्षेची आणि तपासणीची फी उमेदवार स्वतः ऑनलाइन भरतो, त्यात एजंटचं काही काम नाही. करारात पगार ठरावीक आहे की कामाच्या टक्केवारीवर, नोकरी सोडली तर किती भरपाई द्यावी लागेल, हे सही करण्याआधी वाचा. नवीन माणसाला निव्वळ टक्केवारीवर घेतलं तर पहिले सहा महिने खुर्ची रिकामी आणि खिसाही रिकामा.

जे इथे राहतात, आणि ज्यांना त्यांची गरज आहे

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. त्यातला एक आजार आपल्या भागात घरोघरी दिसतो. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकवर घासलेला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर बसून घोटला जातो. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस तोंड पूर्ण उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मधे घालून बघा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायची वेळ झाली. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.

हे ओळखणारा माणूस सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या बाजूला कितीसा मिळतो? रोजमजुरी करणारी बाई रूट कॅनलसाठी तीन वेळा गोंदियाला येऊ शकत नाही. तीन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं गेलं तर ती एकदाच येते आणि म्हणते, काढूनच टाका. ज्या जिल्ह्याला डॉक्टर कमी पडतात तिथला डॉक्टर शारजाला आणि ज्या शहरात गर्दी आहे तिथे आणखी तीन पाट्या, असं हे गणित बसलं आहे. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी आरोग्य कर्मचारी भरतीची आचारसंहिता केली, तिच्यामागे हीच चिंता होती. पण ती ऐच्छिक आहे, आणि एखाद्या बापाने कर्ज काढून शिकवलेल्या मुलीला ‘तू जाऊ नकोस’ असं सांगण्याचा अधिकार तिने कुणाला दिलेला नाही. तालुक्याच्या ठिकाणी पदं भरणं आणि पगार वेळेवर देणं हे सरकारचं काम आहे. ते मुलांच्या डोक्यावर टाकू नये.

एक गोष्ट मात्र तरुणांनी लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशासाठी जी दोन वर्षं लागतात, ती नागपूरच्या चकाचक क्लिनिकमध्ये सक्शन धरूनच काढली पाहिजेत असं नाही. तिरोडा किंवा देवरीसारख्या ठिकाणी दिवसभर दाढा काढणं, रूट कॅनल, कवळ्या आणि खर्रा खाणाऱ्यांची तोंडं तपासणं यात हात जेवढा तयार होतो तेवढा मोठ्या शहरात नवीन माणसाचा होत नाही. बंद होत चाललेलं तोंड ब्रिटनमधल्या अनेक दंतवैद्यांनी क्वचितच पाहिलेलं असतं, आणि तिथेही सुपारी खाणारे दक्षिण आशियाई रुग्ण आहेत. परीक्षेत हात चालतो, तो इथे चाललेला असतो म्हणून. दोन वर्षांत खुर्चीला रुग्ण लागले, गावात नाव झालं आणि जाण्याचा विचार मागे पडला, असंही होतं.

जे जातील त्यांनी आपल्या राज्य दंत परिषदेची नोंदणी मात्र बंद पडू देऊ नये, नूतनीकरण मुदतीत करत राहावं. एका देशातून दुसऱ्या देशात जातानाही ‘गुड स्टँडिंग’चं प्रमाणपत्र याच परिषदेकडून लागतं, आणि छत्तीसगडला नोंदणी असेल तर ते रायपूरहून आणावं लागतं. आई-वडिलांची तब्येत, मुलांची शाळा, तिकडचे बदललेले नियम, कारण काहीही असो, बरेच जण आठ-दहा वर्षांनी परततात. त्यांचं क्लिनिक गोंदियात पहिल्याच महिन्यात उघडायचं की परिषदेच्या चकरा मारत बसायचं, हे त्या नोंदणीवर ठरतं.